जेट-ध्वनीची लघुप्रतिकृती : वातविवरातील इंजिन-सिम्युलेटरांचा इतिहास आणि पनवेल

प्रस्तावना : पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. दहा गावांच्या स्थलांतरानंतर उभ्या राहिलेल्या या विमानतळाच्या परिसरात आता विमानांच्या आवाजाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. एका विमानाचा आवाज किती असेल, हे बहुतांशी त्याच्या आराखड्यातच निश्चित होते. त्या अवस्थेतच आवाज मोजता यावा म्हणून विकसित झालेल्या लघु जेट-सिम्युलेटरांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सैद्धांतिक पाया : जेट-झोताची ध्वनिशक्ती झोताच्या वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते, असे जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये मांडले. यानुसार वेग निम्मा केल्यास ध्वनिशक्ती २५६ पटींनी घटते. पुढे इंजिनाच्या गाभ्याबाहेरून जाणाऱ्या हवेचे प्रमाण वाढवून झोत मंद करण्यात आला. जुन्या जेटी८डी इंजिनाच्या आरंभीच्या प्रकारांत हे प्रमाण सुमारे १ होते. ए३२०निओ विमानाच्या लीप इंजिनात ते सुमारे ११ आहे.

सिम्युलेटरांचा विकास : वातविवरातील, म्हणजे विंड टनेलमधील, लहान प्रतिकृतीवर खरे इंजिन बसविता येत नाही. नुसती थंड हवा सोडल्यास उष्ण झोताचा वेग व घनता यांचे यथार्थ अनुकरण होत नाही. शिवाय प्रतिकृती १७ पट लहान केल्यास, झोताचा वेग तोच राहिला तरी, १,००० हर्ट्झचा आवाज १७,००० हर्ट्झवर मोजावा लागतो. नासाच्या लँगली केंद्राने ५.८ टक्के प्रमाणातील, पंख व धड एकसंध असलेल्या विमान-प्रतिकृतीसाठी प्रोपेन जाळून आतील व बाहेरील असे दोन झोत देणारे सिम्युलेटर तयार केले. इंजिने विमानाच्या पाठीवर ठेवल्यास जमिनीकडे जाणारा आवाज कितपत अडतो, हे १४ × २२ फुटी वातविवरात २०१२-१३ च्या सुमारास तपासण्यात आले.

निष्कर्ष : सिम्युलेटर एका विमानाच्या आवाजाचे उत्तर देतो, वस्तीवर पडणारा एकूण आवाज मात्र उड्डाणांची संख्या, वेळ व मार्ग यांवरही अवलंबून असतो. तीच विमाने दुप्पट वेळा उडाल्यास आवाजाची सरासरी पातळी ३ डेसिबलने वाढते. म्हणून वाहतूक वाढण्यापूर्वीच पनवेल परिसरातील ध्वनिपातळीची नियमित नोंद ठेवणे आवश्यक आहे. प्रयोगशाळेने मिळविलेली शांतता वेळापत्रकात हरवली की नाही, हे त्या नोंदींवरूनच कळू शकेल.