अंश, छेद आणि दतिया दरवाजा

नेवाळकर घराण्यातील शिवरावभाऊंच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९६ ते १८१४ या काळात, झाशी शहराभोवती तट उभा राहिला. तटाच्या अनेक दरवाजांना बाहेर जाणाऱ्या वाटेवरील गावांचीच नावे पडली. दतिया दरवाजा त्यांपैकी एक. येथून निघणारी वाट सुमारे तीस किलोमीटरवरील दतियास पोहोचते. दरवाजावरचा पहारेकरी आत कोण आला आणि बाहेर कोण गेला, एवढेच पाहतो. लोकांच्या आरोग्याचा हिशेब ठेवणाऱ्यालाही प्रथम हेच पाहावे लागते. अशा हिशेबनिसाला आज विदाशास्त्रज्ञ म्हणतात. नाव नवे असले, तरी त्याच्यापुढील अडचण जुनी आहे, आणि ती समजून घेण्यास झाशीइतके चांगले स्थळ क्वचितच सापडेल.

एखाद्या गावात मृत्यूचे प्रमाण किती, हा प्रश्न म्हणजे एक अपूर्णांक होय. वर्षभरात जितकी माणसे मरण पावली तो अंश, आणि ज्या वस्तीतून ती गेली ती लोकसंख्या हा छेद. दोन्ही एकाच वस्तीचे असले, तरच उत्तराला अर्थ. हे तत्त्व साधे खरे, पण थोरामोठ्यांचेही पाऊल येथे घसरलेले आहे. लंडनच्या २४ रुग्णालयांत दर शंभर रुग्णांमागे ९०.८४ मृत्यू होतात, असा आकडा १८६१ सालच्या माहितीवरून विल्यम फार यांनी काढला आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ मध्ये आपल्या ग्रंथात छापला. अंशस्थानी वर्षभराचे मृत्यू होते. छेदस्थानी मात्र एप्रिलमधील एका दिवशी खाटांवर असलेले रुग्ण. वर्षभरात बरे होऊन घरी गेलेल्या हजारो लोकांना छेदात जागाच मिळाली नाही. टीकाकारांनी ही विसंगती पुढे दाखवून दिली.

झाशीत या अपूर्णांकाचे दोन्ही भाग वेळोवेळी हलले. १८५८ च्या एप्रिलमध्ये सर ह्यू रोज यांच्या सैन्याने शहर घेतले, तेव्हा सेनेने आपल्या मृतांची व जखमींची गणती ठेवली. नागरिकांची अशी यादी कोणी केली नाही. त्या कत्तलीच्या वेळी वरसईचे विष्णुभट गोडसे शहरात होते, आणि त्यांच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तान्तामुळे मराठी वाचकांना तिची भीषणता कळली. परंतु मेलेल्यांचा नक्की आकडा कोणत्याच वहीत नसल्यामुळे, इतिहासकारांना आजही अदमासाच्या हजारांवर भागवावे लागते.

पुढे नोंदी सुरू झाल्या, तर सीमा बदलल्या. १८६१ मध्ये तटातील झाशी शहर शिंद्यांकडे गेले. इंग्रजांनी तटाबाहेर नौआबाद येथे आपले ठाणे ठेवले. १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या मोबदल्यात शहर त्यांनी परत घेतले. म्हणजे मधली पंचवीस वर्षे इंग्रजी अहवालांत ‘झाशी जिल्हा’ हे नाव आहे, पण ज्या शहरावरून ते पडले ते शहर त्यात नाही. १८९१ मध्ये ललितपूर जिल्हा झाशीस जोडला गेला आणि १९७४ मध्ये तो पुन्हा वेगळा झाला. नाव एकच पाहून या साऱ्या वर्षांचे आकडे एका रांगेत मांडणारा अभ्यासक निव्वळ सीमाबदलाला जन्ममृत्यूंची चढउतार समजून बसेल.

अंशाची कथा याहून करुण आहे. खेडोपाडी मृत्यूची खबर चौकीदाराने ठाण्यावर द्यावयाची, अशी पद्धत होती. चौकीदार वैद्यक शिकलेला नव्हे. त्यामुळे नाना रोगांनी झालेले मृत्यू ‘ताप’ या एका सदरात जात. १९१८ चा इन्फ्लुएंझा जूनमध्ये मुंबईत दिसला आणि आगगाडीच्या मार्गांनी देशभर पसरला, तेव्हा खबर देणारेच अंथरुणाला खिळले. मृत्यू ६० लाख असावेत, असा प्रारंभी सरकारी अंदाज होता. १९२१ च्या शिरगणतीत लोकसंख्येचा मेळ घालून पाहता तो सव्वा कोटीच्या घरात गेला, आणि १९८६ मध्ये आय. डी. मिल्स यांच्या अभ्यासात १ कोटी ७० लाख ते १ कोटी ८० लाखांपर्यंत पोहोचला. सुमारे एक कोटी माणसे मेली खरी, पण पहिल्या हिशेबात मेलीच नव्हती.

न नोंदलेले मृत्यू मोजावे कसे? याचे एक सुंदर उत्तर सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांनी १९४९ मध्ये दिले, आणि त्याची कसोटी बंगालमधील सिंगूरच्या माहितीवर पाहिली. दोन याद्या परस्परांपासून अलिप्त राहून कराव्या. समजा, नोंदवहीत ८० मृत्यू आढळले, घरोघरच्या पाहणीत ६० आढळले आणि दोन्हींत मिळून समान ४८ निघाले. पाहणीतील ६० पैकी ४८, म्हणजे शंभरात ८०, वहीला सापडले होते. तेव्हा वहीतील ८० हे एकूण १०० चेच ८० असले पाहिजेत. दोन्ही याद्यांतून निसटलेलेही अशा रीतीने हिशेबात येतात. नाशिकला जन्मलेल्या सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये देशातील आरोग्यविषयक आकडेवारीचे दौर्बल्य मांडले होते. १९६४-६५ मध्ये प्रायोगिक रूपाने आरंभलेल्या आणि १९६९-७० पासून देशभर चाललेल्या नमुना नोंदणी पद्धतीत हाच दुहेरी मोजणीचा विचार आहे. निवडलेल्या वस्तीत एकजण वर्षभर नोंद ठेवतो, दुसरा सहा महिन्यांनी स्वतंत्र पाहणी करतो, आणि न जुळणाऱ्या नोंदी पुन्हा दारी जाऊन तपासल्या जातात.

तरीही दतिया दरवाजाचा प्रश्न उरतोच. दतिया हे १९४८ पर्यंत वेगळे संस्थान होते. १९५६ पासून ते मध्य प्रदेशात आहे आणि झाशी उत्तर प्रदेशात. झाशीचे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय १९६८ मध्ये स्थापन झाले. तेथे सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे रुग्ण येतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमान्वये मृत्यू जेथे घडला तेथे नोंदला जातो. दतियाच्या खेड्यातील बाळंतीण झाशीच्या रुग्णालयात दगावली, तर अंश झाशीत वाढतो. ती ज्या छेदात मोजली गेली तो मात्र दतियात राहतो. झाशीची प्रकृती आहे त्याहून वाईट दिसते, दतियाची आहे त्याहून बरी. आणि सुईण, औषध, वाहन यांची तरतूद आकडे पाहून होत असल्यामुळे, जेथे गरज अधिक तेथेच ती कमी पोहोचण्याचा धोका असतो.

मृत्यूच्या नोंदीत मृताच्या नेहमीच्या वास्तव्याचे ठिकाणही लिहावयाचे असते. ते नीट भरले गेले, तर हिशेब दुरुस्त करता येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय पातळीवर जन्ममृत्यूंचा संगणकीय साठा ठेवण्याची तरतूद केली आहे. त्यामुळे दोन राज्यांच्या वह्या शेजारी ठेवून पाहणे पूर्वीपेक्षा सोपे व्हावे. मात्र यंत्राला रकान्यात जे लिहिले तेवढेच दिसते. विदाशास्त्रज्ञाचे काम गणिताच्या कितीतरी आधी, त्या रकान्यापाशी सुरू होते. तेथे लिहिणाऱ्या कारकुनाने घाईच्या वेळीही मृताच्या नातेवाइकाला एवढे विचारले पाहिजे, की ही बाई राहणारी कोठली.