रचनाकार गायिका : डॉ. प्रभा अत्रे

हिंदुस्थानी संगीतांत गुरुमुखांतून मिळालेली चीज जशीच्या तशी सांभाळणें हा शिष्याचा पहिला धर्म मानला गेला आहे. परंतु परंपरेचें ऋण तेवढ्यानें फिटतें काय? श्रोतेहो, या प्रश्नास डॉ. प्रभा अत्रे यांनीं आपल्या कार्यानें उत्तर दिलें.

प्रभाताईंचा जन्म १३ सप्टेंबर १९३२ रोजीं पुण्यास झाला. त्यांचे वडील आबासाहेब व आई इंदिराबाई यांच्या घरीं गाण्याची परंपरा नव्हती. कन्या आठ वर्षांची असतां आईची प्रकृति बिघडली व मनास विरंगुळा म्हणून तिला संगीताचे धडे सुरू झाले. आईचें शिक्षण लवकरच थांबलें. ऐकत बसणाऱ्या मुलीचें मात्र जन्मभर चाललें. किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने हे त्यांस गुरु लाभले. १९५३ सालीं ते निवर्तले. सुरेशबाबूंच्या भगिनी हिराबाई बडोदेकर यांचीही तालीम प्रभाताईंस मिळाली. कुलीन स्त्रीनें चारचौघांत गाणें लोकांस रुचत नसे त्या काळीं हिराबाईंनीं जाहीर मैफली करून स्त्रीच्या गायनास प्रतिष्ठा मिळवून दिली होती. त्या मोकळ्या झालेल्या वाटेवरून शिष्येला पुढें जातां आलें.

प्रभाताईंनीं विज्ञानाची व कायद्याची पदवी घेतली. मराठी संगीत नाटकांत भूमिका केल्या, आकाशवाणीवरही काम केलें. चिकित्सेची ही संवय त्यांनीं गाण्यांतही सोडली नाहीं. आलापींत सा, रे, ग, म अशीं स्वरांचीं नांवें उच्चारून गाणें म्हणजे सरगम. किराणा घराण्याच्या अब्दुल करीमखाँ यांनीं ती ख्यालांत योजिली होती. तरी ती नुसतें व्याकरण आहे, तींत भाव नाहीं, असा आक्षेप घेतला जाई. प्रभाताईंनीं केवळ गाऊन त्यास उत्तर दिलें नाहीं. सरगमेवरच प्रबंध लिहून डॉक्टरेट संपादन केली. आकाराइतकीच सरगमही भाववाहक होऊं शकते, असें त्यांचें प्रतिपादन होतें.

परंपरेंत आपली भर घालण्याची हीच वृत्ति त्यांच्या रचनांत दिसते. तोंडोतोंडीं चालत आलेल्या चिजांचे शब्द पुष्कळदां झिजलेले असतात. अर्थ हरवतो व स्वर तेवढा उरतो. प्रभाताईंनीं ख्याल, ठुमरी, दादरा, तराणा अशा अनेक प्रकारांत स्वतः बंदिशी बांधल्या. मारुबिहाग व कलावती या रागांतील त्यांच्या ध्वनिमुद्रिकेनें त्या घरोघरीं पोंचल्या. अपूर्व कल्याण, मधुरकंस, रविभैरव, तिलंग-भैरव असे नवे रागही त्यांनीं निर्माण केले.

ही विद्या त्यांनीं स्वतःपुरती ठेविली नाहीं. महर्षि कर्वे यांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या मुंबईंतील संगीतविभागाच्या त्या १९७९ ते १९९२ पर्यंत प्रमुख होत्या. पुढें पुण्यांत ‘स्वरमयी गुरुकुल’ स्थापून त्यांनीं गुरुशिष्यपरंपरा व आधुनिक शिक्षण यांची सांगड घातली. आपल्या बंदिशी त्यांनीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. त्यामुळें त्या कोणत्याही अभ्यासकास उपलब्ध झाल्या.

पद्मश्री १९९० सालीं, पद्मभूषण २००२ सालीं व पद्मविभूषण २०२२ सालीं असे सन्मान त्यांस मिळाले. १३ जानेवारी २०२४ रोजीं पुण्यांत, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. त्याच दिवशीं मुंबईस त्यांचें गायन व्हावयाचें होतें. तें राहून गेलें; परंतु त्यांनीं बांधलेल्या चिजा आज शिष्यांच्या कंठीं आहेत, आणि त्या गातांना रचनाकार म्हणून एका स्त्रीचें नांव आदरानें घेतलें जातें.