लघुपट, पदक आणि पात्रता

बक्षीस कोणास द्यावें हा प्रश्न फार जुना आहे. परंतु बक्षिसासाठीं रांगेंत उभें राहण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न त्याहूनहि अवघड होय. पदक मिळालें म्हणजे त्याची बातमी होते. अर्ज दारावरूनच परत गेला तर त्याची नोंद कोणी ठेवीत नाहीं. लघुपटांच्या महोत्सवांतील पारितोषिकें व त्यांच्या पात्रतेचे नियम यांविषयीं आज मला बोलावयाचें आहे, आणि मी दाराच्या बाहेरल्या बाजूस राहणारा, चांदा-गडचिरोलीच्या रानांतला मनुष्य असल्यामुळें माझें लक्ष साहजिकच दारावरच्या पाटीकडे अधिक आहे.

लघुपट म्हणजे आखूड चित्रपट, असें कोणीहि सांगेल. पण किती आखूड? गंमत अशी कीं, आपल्या देशांत चित्रपट आला तोच मुळीं आखूड. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं जीं चित्रें दाखविलीं गेलीं, त्यांतील एकेक जेमतेम मिनिटभराचें होतें. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनीं १८९९ मध्यें मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील एक कुस्ती टिपली, आणि रँग्लर परांजपे विलायतेहून परत आले तेव्हां १९०१ मध्यें त्यांच्या स्वागताचें चित्र घेतलें, तींहि अशींच. दादासाहेब फाळक्यांनीं भांडवल मिळविण्यासाठीं प्रथम जो पट काढला तो वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा, म्हणजे लघुपटच. इतकेंच काय, ३ मे १९१३ रोजीं कॉरोनेशनमध्यें लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ हा चार रिळांचा, सुमारें ३,७०० फुटांचा, अजमासें चाळीस मिनिटांचा होता. अमेरिकेच्या ऑस्कर पारितोषिकांत आज लघुपटाची मर्यादा श्रेयनामावळीसह चाळीस मिनिटें आहे. म्हणजे ज्यास आपण आपला आद्य चित्रपट म्हणतों तो या नियमापुढें अगदीं उंबरठ्यावर उभा राहिला असता!

या मर्यादा कोठून आल्या? कलेच्या विचारांतून त्या फारशा आलेल्या नाहींत. पुष्कळशा रिळाच्या डब्यांतून आल्या. पस्तीस मिलिमीटरची बोलपटाची फीत मिनिटास नव्वद फूट धांवते, आणि हजार फुटांचें रीळ अकरा मिनिटांत संपतें. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ मध्यें, ब्रिटिश सरकारनें भारतसंरक्षण नियमांखालीं प्रत्येक खेळांत २,००० फूट सरकारमान्य चित्रें दाखविण्याची सक्ती थिएटरवाल्यांवर केली. दोन हजार फूट म्हणजे दोन रिळें, बावीस मिनिटें. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्यें फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली व मोठ्या चित्रपटापूर्वीं सरकारी पट दाखविण्याची चाल कायम राहिली. आमच्या लहानपणीं यात्रेंत तंबूचा सिनेमा येई, तेव्हां आधीं समाचारचित्र, मग धरणाचें किंवा खताचें एखादें चित्र, आणि त्यानंतर खरा खेळ. तंबूंतील अर्धी मंडळी त्या वेळीं बाहेर चणे-फुटाणे घेत असत. तथापि धरण म्हणजे काय व समुद्र म्हणजे काय हें मीं प्रथम त्या सक्तीच्या दोन रिळांतच पाहिलें, ही गोष्ट मला नाकारतां येणार नाहीं.

आज फीत गेली, रीळ गेलें. मिनिटांची मर्यादा मात्र राहिली, आणि तीहि सर्वत्र एक नाहीं. फ्रान्समधील कान येथें लघुपटाच्या स्पर्धेस पंधरा मिनिटांची हद्द आहे. ऑस्करवाले चाळीस मिनिटांपर्यंत जाऊं देतात. आमच्या झाडीपट्टींत धानाची कापणी झाल्यावर रात्रभर नाटकें चालतात आणि पहांटे कोंबडा आरवल्यावर प्रेक्षक घरीं जातात. त्या प्रेक्षकास पंधरा मिनिटांत गोष्ट संपली असें सांगितलें तर तो तिकिटाचे पैसे परत मागेल. मग लांबीचा नियम चूक म्हणावा काय? मला तसें वाटत नाहीं. कुंपण असल्यावांचून शेताची मोजणी होत नाहीं. मात्र कुंपण कोणीं व कशासाठीं घातलें, हें मोजणाऱ्यानें विसरूं नये.

आतां पदकांकडे येऊं. स्वतंत्र भारतांत चित्रपटांस सरकारी पारितोषिकें देण्याचा उपक्रम १९५४ मध्यें सुरू झाला. १९५३ सालच्या चित्रपटांतून आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’स राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें, हें शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असतें. परंतु त्याच समारंभांत दुसरें एक सुवर्णपदक माहितीपटास दिलें गेलें, तें फारच थोड्यांस ठाऊक आहे. तो पट म्हणजे जगत मुरारी यांचा ‘महाबलीपुरम्’, आणि त्याची निर्मिती फिल्म्स डिव्हिजनची. पट उत्तम असेल, याविषयीं माझी तक्रार नाहीं. परंतु पट काढणारें सरकार, तो सक्तीनें दाखविणारें सरकार, त्यास प्रमाणपत्र देणारें सरकार व त्याच्या गळ्यांत पदक घालणारेंहि सरकार, अशी ही घरच्या घरींच आटोपणारी व्यवस्था होती. शिक्षकानें आपल्याच मुलाची उत्तरपत्रिका तपासावी त्यांतला प्रकार.

न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, याच व्यवस्थेंतून कांहीं फार सुंदर कामें निघालीं. फली बिलिमोरिया यांचा ‘द हाउस दॅट आनंद बिल्ट’ १९६९ मध्यें आणि विधु विनोद चोप्रा यांचा ‘अ‍ॅन एन्काउंटर विथ फेसेस’ १९७९ मध्यें ऑस्करच्या नामनिर्देशनापर्यंत पोहोंचला. विजया मुळे यांनीं १९७४ मध्यें दिग्दर्शित केलेला ‘एक अनेक और एकता’ तर अवघ्या सात मिनिटांचा; त्यास शैक्षणिक पटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. तो पाहिला नाहीं असें दूरदर्शनच्या काळांत वाढलेलें मूल शोधून काढावें लागेल.

राष्ट्रीय पारितोषिकाचा मुख्य नियम असा कीं, पट त्या-त्या कॅलेंडर वर्षांत सेन्सॉर बोर्डानें प्रमाणित केलेला असावा. पट केव्हां काढला याला महत्त्व नाहीं. प्रमाणपत्र केव्हां मिळालें याला आहे. या साध्या दिसणाऱ्या अटींत सारी गोम आहे. प्रमाणपत्राचा हा दरवाजा किती अरुंद असूं शकतो, याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयांत झाला तोहि एका लघुपटावरूनच. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘चार शहर एक कहानी’ या पटांत श्रीमंतांचें वैभव व गरिबांची दैना शेजारीं शेजारीं दाखविली होती. वेश्यावस्तीचीं दृश्यें त्यांत होतीं म्हणून बोर्डानें प्रथम तो केवळ प्रौढांसाठीं ठरविला आणि मग कांहीं भाग कापावयास सांगितला. अब्बास न्यायालयांत गेले. २४ सप्टेंबर १९७० रोजीं निकाल लागला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनीं पूर्वतपासणीचा सरकारचा अधिकार मान्य केला, परंतु तो वापरतांना कलेची बूज राखली पाहिजे असेंहि बजावलें. हे हिदायतुल्ला आमच्या नागपूरचेच. तेथील उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायाधीश होते, म्हणून वऱ्हाड-नागपूरच्या माणसास या निकालाचें अंमळ अधिक कौतुक वाटतें.

यानंतरची मोठी लढाई मुंबईस झाली. केवळ माहितीपट, लघुपट व अ‍ॅनिमेशन यांसाठीं फिल्म्स डिव्हिजननें १९९० मध्यें मुंबईंत एक आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू केला. तो दर दोन वर्षांनीं भरूं लागला. त्याचें मानचिन्ह शंख. उत्तम पटास सुवर्णशंख, त्याखालोखाल रौप्यशंख. जीवनगौरवाचें पारितोषिक व्ही. शांताराम यांच्या नांवाचें आहे. आतां नियम पाहा. महोत्सवांत दाखविले जाणारे पट सामान्य प्रदर्शनासाठीं नसतात, म्हणून त्यांस प्रमाणपत्रांतून सूट देण्याची रीत असते, आणि कायद्यांतहि तशी तरतूद आहे. असें असतां २००४ च्या महोत्सवासाठीं अशी अट निघाली कीं, भारतीय पटांस सेन्सॉरचें प्रमाणपत्र हवें. परदेशी पटांस तें नको! आपल्याच घरांत पाहुण्यानें सरळ आंत यावें आणि घरच्या मुलानें मात्र दारांत ओळखचिठ्ठी दाखवावी, असा हा न्याय होता.

पट काढणारी मंडळी एरव्हीं एकत्र येणारी नव्हे. ज्याचा त्याचा कॅमेरा, ज्याचें त्याचें कर्ज. परंतु या एका अटीवरून देशभरांतील दोनशेंहून अधिक जण एकत्र झाले आणि त्यांनीं महोत्सवावर बहिष्काराची भाषा काढली. अट मागें घेण्यांत आली. विजय झाला असें वाटलें. पण निवडीची यादी बाहेर आली तेव्हां सरकारास अप्रिय असे बरेच पट तींत नव्हते. नियम गेला, तरी त्याचें काम निवड-समितीनें केलें, अशी तक्रार झाली. तेव्हां या लोकांनीं रडत न बसतां फेब्रुवारी २००४ मध्यें त्याच शहरांत, प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनांत, ‘विकल्प’ या नांवानें स्वतःचा महोत्सव भरविला. गुजरातेंतील २००२ च्या हिंसाचारावरील राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’ हा मुंबईच्या महोत्सवानें नाकारलेल्या पटांपैकीं एक. त्याच महिन्यांत बर्लिनला तो दाखविला गेला व तेथें त्यास पारितोषिक मिळालें. देशांत बोर्डानें प्रथम त्यास बंदी केली व त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तो एकहि काट न देतां मोकळा केला. पुढें राष्ट्रीय पारितोषिकांतहि त्यास परीक्षकांचें विशेष पारितोषिक लाभलें. तोच पट, तींच दृश्यें! २०२२ मध्यें फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालें, आणि महोत्सवहि आतां त्या महामंडळाकडे आहे.

भाषेविषयींचा नियम आम्हां गडचिरोलीकरांस जवळचा आहे. राष्ट्रीय पारितोषिकांत मोठ्या चित्रपटांसाठीं भाषावार बक्षिसें आहेत. तीं घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील बावीस भाषांस. त्याबाहेरच्या भाषांसाठीं वेगळी सोय आहे. २०११ च्या जनगणनेंत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारें २९ लाख ८४ हजार होते, आणि बोडो सांगणारे सुमारें १५ लाख. बोडो परिशिष्टांत आहे, गोंडी नाहीं. बोडोचा मला हेवा नाहीं. तिनें आपला हक्क झगडून मिळविला. येथें लघुपट मात्र मोठ्या चित्रपटापेक्षां भाग्यवान ठरतो, कारण त्या विभागांत भाषावार वांटणीच नाहीं. माडिया, गोंडी, झाडीबोली, कोणतीहि भाषा चालते आणि ती सर्वांबरोबर एकाच पंगतीस बसते. २०२४ मध्यें जाहीर झालेल्या ७० व्या पारितोषिकांत उत्कृष्ट माहितीपटाचा मान सोहिल वैद्य यांच्या ‘मर्मर्स ऑफ द जंगल’ या मराठी पटास मिळाला. नांव इंग्रजी, बोली मराठी, आणि विषय रान!

परंतु रानाच्या पटांविषयीं एक गोष्ट कोणत्याच नियमावलींत नसते. आमच्या भामरागडच्या पलीकडे अबूझमाडाची डोंगररांग लागते, आणि तिच्या त्या अंगास नारायणपूरजवळ गढबेंगाल नांवाचें मुरिया लोकांचें गांव आहे. आर्ने सुक्सडॉर्फ हा स्वीडनचा दिग्दर्शक तेथें येऊन राहिला. त्याला ‘सिंफनी ऑफ अ सिटी’ या लघुपटासाठीं ऑस्कर मिळालेलें होतें. गढबेंगालचा चेंद्रू मंडावी नांवाचा लहान मुलगा वाघाच्या बच्च्याशीं खेळतो, असें चित्र त्यानें घेतलें. पट १९५७ मध्यें निघाला, त्यास संगीत पंडित रविशंकर यांचें होतें, आणि १९५८ मध्यें तो कानच्या महोत्सवांत गेला. चेंद्रूस स्वीडनला नेलें, लोकांनीं त्यास डोक्यावर घेतलें. मग तो परत आपल्या गांवीं आला व गरिबींत दिवस काढूं लागला. २०१३ मध्यें तो वारला. पारितोषिकाच्या अर्जांत निर्माता, दिग्दर्शक, छायाचित्रकार, ध्वनिमुद्रक या साऱ्यांस रकाना असतो. ज्याचें तोंड पडद्यावर दिसतें त्या रानांतल्या माणसाची संमति घेतली काय, त्यास काय मिळालें, हा रकाना मीं तरी पाहिलेला नाहीं. लांबीची, सालाची, प्रमाणपत्राची एवढी चौकशी करणाऱ्यांनीं ही एक ओळ वाढविली तर कागद कांहीं महाग होणार नाहीं.

माझा एक जुना विद्यार्थी भामरागडच्या बाजूचा, माडिया. त्यानें फोनवरच गांवांतल्या देवाच्या जत्रेचा अठरा मिनिटांचा पट केला आणि एका महोत्सवाचा अर्ज घेऊन तो मजकडे आला. लांबी बसत होती. साल बसत होतें. प्रमाणपत्राची अट तेथें नव्हती. ज्यांचीं चित्रें घेतलीं त्यांस त्यानें पट आधींच दाखविला होता. तें मीं विचारलें. घोडें अडलें तें एका अटीपाशीं: पटाखालीं इंग्रजी अक्षरें हवींत. त्यास माडिया व मराठी येते, मला मराठी व मॅट्रिकपुरती इंग्रजी. तेव्हां त्यानें माडियाचें मराठी करावें आणि मीं मराठीचें इंग्रजी करावें, असें ठरवून आम्हीं चार संध्याकाळीं तें काम केलें. ‘पेन’ या शब्दापाशीं दोघेहि थांबलों. इंग्रजींत ‘गॉड’ लिहिलें तर मोठ्या देवळांतला देव डोळ्यांपुढें येतो, आणि त्याचा पेन तर झाडाखालीं राहतो, जत्रेंत खांद्यांवरून नाचत येतो, माणसाशीं भांडतो व रुसतोहि. मीं दोन-तीन शब्द सुचविले. त्यानें प्रत्येकास मान हलविली. शेवटीं आम्हीं तेथें रोमन लिपींत ‘पेन’ हाच शब्द ठेवला आणि अर्ज पाठवून दिला.