दोन आकडी घराणी

डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणारे यंत्र, जोडलेल्या संगणकावर ध्वनीच्या सेटिंग उघडल्या की ४४,१००, ४८,०००, ८८,२००, ९६,०००, १,९२,००० अशी आकड्यांची उतरंड दिसते. एका सेकंदात ध्वनीचे किती नमुने, हे त्यातून कळते. या आकड्यांची दोन घराणी आहेत. ८८,२०० हे ४४,१०० चे दुप्पट, तर ९६,००० आणि १,९२,००० हे ४८,००० चे दुप्पट आणि चौपट. ही घराणी वेगळी का झाली, त्याचे उत्तर टीव्हीच्या पडद्यावर आहे.

हॅरी नायक्विस्ट (१९२८) आणि क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या मांडणीनुसार, ध्वनीतल्या सर्वांत उंच कंपनसंख्येच्या दुपटीहून जास्त नमुने घेतले तर मूळ लहर पुन्हा जशीच्या तशी उभी करता येते. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. म्हणजे ४०,००० च्या थोडे वर गेले की भागते. पण नेमके ४४,१०० कशासाठी?

१९७० च्या दशकात डिजिटल ध्वनी साठवायला पुरेशी जागा मिळणे अवघड होते. दोन चॅनेल आणि १६ बिट धरले तर सेकंदाला चौदा लाखांहून अधिक बिट होतात. इतका ओघ सहज पेलणारे, हाताशी असलेले यंत्र होते व्हिडिओ रेकॉर्डर. म्हणून ध्वनीचे बिट काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत बदलून चित्र म्हणून टेपवर उतरवू लागले. अशी टेप टीव्हीवर लावली तर गाणे ऐकू येत नसे, पडद्यावर नुसते ठिपके थरथरत. हिशेब असा होता: अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे अर्धी चित्रे), प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ रेषा आणि दर रेषेत प्रत्येक चॅनेलचे ३ नमुने. गुणाकार ४४,१००. युरोपात ५० फील्ड आणि २९४ रेषा. गुणाकार तोच! दोन्हीकडच्या यंत्रांवर चालणारा हा आकडा सोनी आणि फिलिप्स यांनी १९८० मध्ये सीडीच्या प्रमाणात घेतला आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये सीडी बाजारात आली. व्हिडिओ टेप मागे पडली, तिचा आकडा मात्र राहिला.

४८,००० हा व्यावसायिक ध्वनीचा आकडा. सेकंदाला दाखवल्या जाणाऱ्या २४, २५ किंवा ३० चित्रांच्या संख्येने त्याला नि:शेष भाग जातो, म्हणून चित्रपट आणि व्हिडिओच्या कामात तो सोयीचा. १९८७ ची डॅट ही डिजिटल ध्वनीची टेप आणि नंतरची डीव्हीडी याच घराण्यातली.

संगणकात ही दोन घराणी समोरासमोर आली. इंटेलच्या १९९७ च्या एसी'९७ प्रमाणाचा पाया ४८,००० होता, त्यामुळे अनेक साध्या चिप सीडीचे गाणेही आधी ४८,००० वर आणत. १४७ नमुन्यांचे १६० करायचे हे किचकट गणित, आणि स्वस्तात उरकले की आवाजात खरखर मिसळे. संगणकाच्या आवाजाबद्दल ऑडिओप्रेमींचा संशय इथूनच सुरू झाला आणि तो रास्त होता. दर बदलण्याचा मधला टप्पा टाळण्यासाठी स्टाइनबर्ग कंपनीची एसिओ ही ड्रायव्हरची वाट होतीच. व्हिस्टापासून विंडोजमध्ये एक्स्क्लुझिव्ह मोडही आला. त्यात प्लेअर डॅकशी थेट बोलतो आणि गाण्याच्या मूळ दरावर डॅक चालवतो. यूएसबीच्या दुसऱ्या ऑडिओ प्रमाणाला विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर २०१७ मध्ये मिळाला. तोवर मोठ्या दरांसाठी उत्पादकाचा ड्रायव्हर घालावा लागे.

बिटचा हिशेब वेगळा. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलचा आवाका मिळतो, २४ मध्ये कागदावर १४४. मेयर आणि मोरान यांच्या २००७ च्या चाचण्यांत उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि त्याचीच सीडीच्या मापात उतरवलेली आवृत्ती श्रोत्यांना वेगळी ओळखता आली नाही. तरीही डॅक २४ बिटवर ठेवण्याला अर्थ आहे, कारण संगणकात आवाज कमी केला की खालचे बिट खर्च होतात आणि २४ मध्ये त्यांना जागा उरते. दर मात्र ध्वनिमुद्रणाचाच ठेवावा: सीडीवरून घेतलेल्या संग्रहाला ४४,१००, चित्रपटाला ४८,०००. सीडीचे गाणे १,९२,००० वर वाजवल्याने त्यात नवे काही येत नाही. फक्त एका घराण्याचे नमुने दुसऱ्यात बसवावे लागतात.