क्लीनरची उमेदवारी

भारतातला ट्रक ड्रायव्हर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तयार झाला नाही. तो क्लीनर म्हणून गाडीवर चढला आणि काही वर्षांनी स्टिअरिंगवर बसला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे जुने ट्रक विक्रीला निघाले, १९५४ साली टेल्कोने डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले आणि रेल्वेचा माल हळूहळू रस्त्यावर आला. गाड्या वाढल्या तशी ड्रायव्हरांची गरजही वाढली. ती भागवायला सरकारने पुरेशा शाळा काढल्या नाहीत, आणि एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे त्यासाठी पैसा नव्हता. ते काम क्लीनरच्या जागेने केलं. ही जागा मदतनिसाची जितकी होती, तितकीच उमेदवारीची होती. कायद्याने तिच्यातली उमेदवारी कधी मान्य केली नाही, आणि आज चांगला ड्रायव्हर मिळत नाही अशी जी ओरड आहे तिचं एक मोठं कारण इथेच आहे, असं मला वाटतं.

त्या उमेदवारीला एक क्रम असे. सुरुवातीला गाडी धुणं, काच पुसणं, स्टोव्हवर उस्तादचा, म्हणजे ड्रायव्हरचा, चहा करणं. मग ताडपत्री आणि रस्सी: माल कसा रचला तर वळणावर कलत नाही, हे पोराला रस्सी आवळतानाच कळायचं. ढाब्यावर गाडी लागली की हातात टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन टायर ठोकत एक फेरी मारायची. जोडचाकातलं आतलं चाक बसलं तरी बाहेरचं त्याला उचलून धरतं, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. ठोकल्यावर आवाज बद्द आला तरच हवा गेल्याचं समजतं. चढावर गाडी बंद पडली तर उडी टाकून, ती मागे घसरू नये म्हणून चाकाला उटी लावायची. रिव्हर्सच्या वेळी मागे उभं राहून पत्र्यावर थाप मारायची, आणि त्या थापेवर उस्ताद ब्रेक दाबायचा. अशा शेकडो थापांनंतर गाडीची लांबी-रुंदी पोराच्या अंगात भिनायची. कसारा किंवा खंडाळ्याचा घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेक तापू द्यायचे नाहीत, हे तो शेजारी बसून बघत राहायचा. स्टिअरिंग हाती यायचं ते सगळ्यात शेवटी, रिकाम्या परतीच्या फेरीत, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर.

कायद्याच्या लेखी यातलं काहीच शिक्षण नव्हतं. १९६१ साली दोन कायदे आले. मोटार वाहतूक कामगार कायद्याने क्लीनरचं नाव घेऊन त्याला कामगार म्हटलं, आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा ठरवला, पण तो लागू केला पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांना. ज्या मालकाकडे एक ट्रक, एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर, तो त्यातून सुटला, आणि बहुतेक मालक असेच होते. त्याच वर्षीच्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने कारखान्यातल्या फिटर-टर्नरच्या हाताखालच्या मुलाला विद्यावेतन आणि प्रमाणपत्राची वाट दिली. ट्रकमधल्या मुलापर्यंत ती पोचली नाही. पुढे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी वाहतूक वाहनाच्या प्रशिक्षणासाठी किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १५ तास ठरवले. पंधरा तासांत परीक्षा देता येईल, पण माल भरलेली गाडी पावसात घाट उतरवता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो गंभीर आहे: क्लीनरकी ही पिळवणूक होती. ते खरं आहे. कोवळ्या वयाची मुलं गाडीवर होती, मार होता, पगार नावापुरता होता, झोप गाडीखाली किंवा टपावर. वाईट सवयीही वारशाने मिळत. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं हे उस्तादच शिकवायचा. पण हे दोष शेजारी बसून शिकण्याचे नाहीत, त्या शिकण्यावर कुणाचीच नजर नसण्याचे आहेत. एसटीचं उदाहरण बघावं. १ जून १९४८ ला जिची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, त्या संस्थेने पुढे स्वतःची प्रशिक्षण व्यवस्था उभी केली. भोसरीला तिची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे. निवड झालेल्या चालकाकडे हेवी लायसन्स असलं तरी त्याला आधी महामंडळाच्या प्रशिक्षणातून जावं लागतं. शिस्त आणि अनुभवी माणसाची सोबत एकत्र नांदू शकतात, हे आपल्याच राज्यात दिसलेलं आहे.

दुसरा आक्षेप यंत्राचा. पॉवर स्टिअरिंग आलं, ट्यूबलेस टायर आले, मागे कॅमेरा लागला; आता क्लीनर कशाला? २०२५ च्या जुलैमध्ये महाराष्ट्रातल्या मालवाहतूकदारांनी संप केला तेव्हा अवजड वाहनांवरची क्लीनरची सक्ती उठवा, ही त्यांची एक मागणी होती. मालकांची अडचण खरी आहे. एका माणसाचा पगार भाड्यातून सुटत नाही. मदतनीस म्हणून त्याची गरज कमी झाली हेही मान्य. मात्र क्लीनरच्या त्या रिकाम्या सीटवर पुढचा ड्रायव्हर घडत होता, त्याचा हिशेब या वादात कुणी मांडला नाही. तिथे वीस वर्षं पूर्ण केलेला, लायसन्स काढलेला, विद्यावेतनावरचा उमेदवार वर्षभर बसवता येईल. एका ट्रकच्या मालकाला हे झेपणार नाही. अशा मालकांच्या गाड्या भाड्याने लावून ज्या मोठ्या कंपन्या आपला माल देशभर पोचवतात, त्यांनी हे विद्यावेतन भाड्याच्या दरात धरायला हवं.