तरवारीचें टोक आणि प्रकाशाचें निमिष

तरवारीच्या द्वंद्वाचें चित्र काढणें चित्रकारास कधीं फारसें अवघड वाटलें नाहीं. हवा तो पवित्रा तो उभा करितो, आणि पाहणारा तो निमूटपणें मान्य करितो. छायाचित्रकाराची स्थिति निराळी. त्याच्यापुढें पातें खरोखरच हलत असतें, आणि तें ज्या दालनांत हलतें तेथें सूर्याचा प्रवेश नसतो. ह्या दुहेरी अडचणींतून वाट कशी निघाली, हें पाहणें बोधप्रद होईल.

प्रथम अडचणीचें माप घेऊं. टोक सेकंदास तीन मीटर वेगानें पुढें येत आहे असें धरलें, तर सेकंदाच्या तिसाव्या भागांत तें दहा सेंटिमीटर सरकतें, व कांचेवर टोकाऐवजीं धुरकट पट्टा उमटतो. तोच अवधि सहस्रांशावर आणिला तर सरकणें तीन मिलिमीटरांवर येतें. परंतु अवधि घटला कीं प्रकाशही त्याच प्रमाणांत घटतो. उन्हांत ही तूट सोसते. बंद दालनांत सोसत नाहीं.

म्हणूनच ह्या विद्येचा आरंभ उघड्यावर झाला. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-झ्यूल मारे ह्यानें १८८२ सालीं पॅरिसजवळील बुआ द बुलोन्य येथें आपली प्रयोगशाळा मांडली. जॉर्ज देमेनी हा त्याचा साहाय्यक. काळ्या पार्श्वभूमीपुढें पांढऱ्या पोषाखांतील मनुष्यास उन्हांत चालवावयाचें, आणि फटी पाडलेली तबकडी फिरवून एकाच कांचेवर त्याच्या हालचालीचे क्रमवार ठसे घ्यावयाचे, अशी त्यांची रीत होती. काळोखांतून कांचेकडे प्रकाश येत नसल्यामुळें आधींचा ठसा बिघडत नसे. पांढरा पोषाख करणारे तरवारबाज ह्या रीतीस जणूं आयतेच मिळाले. झेप पुढें जाते, म्हणून तिचे ठसे सुटे पडत. पण जागच्या जागीं मनगट वळवून वार अडविला, कीं ठसे एकमेकांवर चढत. हल्ला दिसे, बचाव दिसत नसे.

त्याच सुमारास अमेरिकेंत एडवर्ड मायब्रिज ओळीनें मांडलेल्या अनेक कॅमेऱ्यांनीं प्रत्येक ठसा वेगळा घेत होता. १८८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संग्रहांत तरवारबाजीचेंही चित्रण आहे. सुटेपणाचा प्रश्न त्यानें सोडविला. सूर्याचें पारतंत्र्य मात्र त्याच्याही वांट्यास होतें.

त्याच वर्षीं जर्मनींत आडोल्फ मीटे व योहानेस गेडिके ह्यांनीं मॅग्नेशियमची झटकन पेटणारी पूड सिद्ध केली. घरांत प्रकाश आला, पण त्याबरोबर धूरही आला. आणि ती पूड जळण्यास लागणारा काळ तरवारीच्या मानानें दीर्घच होता. खरी युक्ति त्याहूनही जुनी होती. १८५१ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें टॅल्बट ह्यानें वृत्तपत्राचा एक कागद फिरत्या चक्रास चिकटवून अंधारांत विजेच्या ठिणगीनें त्याचें चित्र घेतलें होतें. पडदा किती चपळ हा प्रश्नच त्यानें बाजूस सारिला. दिवाच निमिषमात्र लागला, तर भिंग उघडें राहिल्यानें कांहीं बिघडत नाहीं.

ही कल्पना व्यवहारांत येण्यास ऐंशीं वर्षें लागलीं. १९३१ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेंत हॅरल्ड एजर्टन ह्यानें विद्युत्संग्राहकांत सांठविलेली वीज वायूनें भरलेल्या नळींतून एकदम सोडून पुनःपुन्हा लखलखणारा दिवा तयार केला. मूळचा आल्बेनियाचा ग्यॉन मिली ह्यानें त्याच साधनानें तरवारबाजांचीं चित्रें घेतलीं. मारेचा काळा पडदा येथें अंधाऱ्या खोलीच्या रूपानें परत आला. फटींचें काम दिव्यानें पत्करलें.

तथापि चित्रशाळा म्हणजे सामना नव्हे. सामन्यांत दालन अंधारें करितां येत नाहीं, आणि खेळाडूच्या डोळ्यांवर लखलखाट करणें अन्यायाचें आहे. तेथें आज अतिसंवेदनशील कॅमेरा व मोठ्या तोंडाचें भिंग ह्यांवरच भिस्त ठेवावी लागते. उपकरणें सुधारलीं, परंतु कळ दाबण्याचा निर्णय आणि बोटाची हालचाल ह्यांस वेळ लागतोच. आघात दिसल्यावर जो कळ दाबतो, त्याच्या हातीं आघातानंतरचा क्षण येतो. ज्यास पवित्र्यावरून पुढची झेप ओळखतां येते, त्याचेंच चित्र साधतें.

तें साधलें, तरी तें सत्य सांगतें काय? पात्याचा स्पर्श डोळ्यांस नीट कळत नाहीं, म्हणून ऑलिंपिक सामन्यांत एपे ह्या प्रकारास १९३६ सालीं, फॉइलला १९५६ सालीं व सेबरला १९९२ सालीं विजेची नोंद जोडण्यांत आली. फॉइल व सेबर ह्यांत दोघांचीं पातीं एकदमच लागलीं, तर हल्ल्याचा अग्रहक्क कोणाकडे होता ह्यावर गुण ठरतो. तो हक्क हालचालींच्या क्रमांत असतो. एका निमिषांत त्याचा मागमूस नसतो. चित्र जितकें स्पष्ट, तितका पाहणाऱ्याचा चुकीचा विश्वास दृढ होण्याचा संभव अधिक. मारेनें एकाच कांचेवर ठशांची माळ गुंफली, तिचें मर्म येथें ध्यानांत येतें. टोक कोठें होतें, हें एक चित्र सांगूं शकेल. तें तेथें कोणत्या हक्कानें पोंचलें, हें आधींच्या व नंतरच्या चित्रांसच विचारावें लागतें.