पडद्याच्या मागल्या अंगानं

लातूरकडच्या आमच्या मुरुडला बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी थांबायची, तेव्हा तिच्यातून सिनेमाच्या पत्र्याच्या पेट्या उतरायच्या, असं आबा सांगत. जत्रेत तंबू लागायचा, मधोमध पांढरा पडदा. पुढून बघायला जास्त पैसे, मागून बघायला कमी. मागं बसणाऱ्यांना सगळं उलटं दिसायचं. तलवार डाव्या हातात, पाटीवरची अक्षरं उफराटी. "पण आवाज कुठं उलटा येतोय बाबा?" असं म्हणून आबा खुलायचे. ते कायम मागंच बसत. त्यामुळंच असेल, सिनेमा त्यांच्या डोळ्यांपेक्षा कानांत जास्त राहिला.

त्या कानांवर संस्कारही तसेच झालेले. सप्टेंबर १९४८ पर्यंत मुरुड निजामाच्या राज्यात. घरात आपली मराठवाडी बोली, शाळेत उर्दू. नटानं एखादा शब्द चावला की आबांच्या कपाळाला आठी पडे.

बोलपट आले त्या सुरुवातीच्या दिवसांत एकाचं तोंड आणि दुसऱ्याचा आवाज हे सोपं नव्हतं. १९३२ साली प्रभातनं 'अयोध्येचा राजा' मराठीत केला आणि हिंदीतही वेगळा चित्रित केला. दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे दोन्हीकडे तेच, दोन्ही भाषांत स्वतःच बोलले. डबिंगचा जम पुढं बसला. इटलीत तर परदेशी सिनेमा डब करूनच दाखवायची रीत पडली. तिथं अल्बर्टो सोर्डी नावाचा तरुण लॉरेल-हार्डीतल्या जाड्या हार्डीला इटालियन आवाज देत होता. पुढं तोच इटलीचा लाडका नट झाला.

आपल्याकडं तसा माणूस म्हणजे शरद केळकर. जन्म १९७६ चा, ग्वाल्हेरच्या मराठी घरातला. लहानपणी बोलताना अडखळायचा, हे त्यानं स्वतःच सांगितलं आहे. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, जिममध्ये शिकवलं, मग छोट्या पडद्यावर आला. 'सात फेरे'तला नाहर घराघरांत पोचला. २०१४ च्या 'लय भारी'मध्ये तो संग्राम झाला, आपल्या बाभळगावच्या रितेश देशमुखसमोर. लातूरकरांनी संग्रामच्या नावानं बोटं मोडली. खलनायकाला याहून मोठी पावती कुठली?

पुढच्याच वर्षी 'बाहुबली' आला. मूळ तेलुगू आणि तमिळ. हिंदीत प्रभासचा आवाज शरदचा. बाप आणि लेक, दोन्ही भूमिकांत तोच बोलतो. हे काम किती किचकट! डबिंगच्या खोलीत सोबतीला दुसरा नट नसतो, घोडा नसतो, गर्दी नसते. कानाला हेडफोन, पुढ्यात माइक, काचेपलीकडं रेकॉर्डिस्ट आणि समोर दुसऱ्याचे हलणारे ओठ. पडद्यावर ओठ मिटले की तिथं प, ब, म असलं अक्षर यावं लागतं, नाहीतर बघणाऱ्याला खोट लगेच कळते. त्या मापात वाक्य बसवायचं, वर राजाचा रुबाबही ठेवायचा.

टीव्हीवर 'बाहुबली' लागला तेव्हा आबांना नीट दिसतही नव्हतं. ऐकत होते. म्हणाले, "गडी दम राखून बोलतोय. घाई नाही." बोलताना अडखळणाऱ्या पोरानं मिळवलेला हा दम आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी पुन्हा आवाज मोठा करायला लावला.

२०२० च्या 'तान्हाजी'त शरद शिवाजी महाराज म्हणून उभा राहिला, तेव्हा चेहरा आणि आवाज दोन्ही त्याचेच होते. त्याला ते भाग्य लाभलं. पण आवाज देणाऱ्या बहुतेकांचा चेहरा आपल्याला कधीच दिसत नाही, आणि आपण त्यांचं नावही विचारत नाही. हा अन्याय आहे, आणि तो आपल्यासारख्या प्रेक्षकांच्याच हातून होतो. डब केलेला सिनेमा संपला की लगेच उठू नका. शेवटच्या पाट्यांत आवाज देणाऱ्यांची नावं शोधा, मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. सापडली नाहीत, तर ती का नाहीत हे विचारा.